पाळण्यातला दुइसेन

आमच्या गावात माणूस उपाशी दिसूच शकत नाही, ही गोष्ट सिनेमा काढायच्या आधी मला कोणीतरी सांगायला हवी होती. बाकी सल्ले सगळ्यांनी दिले. कॅमेरा कसा धरावा, टोपी कुठल्या बाजूला कलती घालावी, दिग्दर्शकाने तोंड किती वेळ बंद ठेवावं, यावर गल्लीतल्या अकरा माणसांनी बारा मतं दिली. नेमकी हीच गोष्ट तेवढी कोणाच्या तोंडून निघाली नाही.

मी सागिंदिक. शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या पन्नाशीला सहकाऱ्यांनी एक कॅमेरा भेट दिला होता, तो चार वर्षं कपाटावर धूळ खात पडला होता. माझी बायको कुलपाश दवाखान्यात परिचारिका आहे. येता-जाता ती त्या कॅमेऱ्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात काय असायचं ते लग्न झालेल्या माणसांना सांगायला नको.

तर त्या वसंतात संस्कृती खात्याने नोटीस लावली. एकतीस मे, स्मृतिदिन. महादुष्काळावर गावकऱ्यांनी छोटे चित्रपट करावेत, निवडलेला चित्रपट संस्कृती भवनात सगळ्या गावासमोर दाखवला जाईल. मी जेवताना सहज म्हटलं, "आपण एक करावा म्हणतो. वारा, बर्फ, ओसाड माळ, आणि मागे कोणीतरी रडतंय."

माझी आई, उल्झान आपा, तेव्हा पंच्याऐंशीची होती. दुष्काळ पडला तेव्हा ती पाच वर्षांची. सरकारने आधी जनावरं नेली, मग धान्य नेलं, आणि दोन हिवाळ्यांत तिचं गाव संपलं. यातलं आम्हाला जे माहीत होतं ते पुस्तकातलं. आपाने जन्मात एक अक्षर काढलं नव्हतं. पूर्वी बोलायला बंदी होती, आणि बंदी उठेपर्यंत तिची न बोलायची सवय पक्की झाली होती.

त्या दिवशी तिने चहाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "रडतंय कोण? आमच्याकडे रडायला अंगात पाणी कुठे होतं? तुला दुइसेनची गोष्ट सांगते." आणि ती हसायला लागली.

गोष्ट अशी. आपाच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, राळ्याचं शेवटचं पोतं लपवलं होतं. पोतं कसलं, गाठोडंच. ते सापडलं असतं तर धान्य गेलं असतं आणि धान्याबरोबर आजीही गेली असती. वसुलीवाले दारात आले तेव्हा तिने ते पाळण्यात घातलं, वरून दुपटं बांधलं आणि झोके देत अंगाई म्हणायला बसली. दोघे होते. एक बंदूक घेऊन दारात उभा राहिला. दुसरा म्होरक्या. त्याने सगळं घर उपसलं आणि शेवटी पाळण्याशी आला.

"मुलगा का?"

"मुलगा."

"नाव काय?"

आजीची बोबडी वळली. मनात होतं तेच नाव तिच्या तोंडून निघालं. "दुइसेन."

म्होरक्याचं नाव दुइसेन. तो म्हणाला, "माझंच नाव ठेवलंस?"

"तुमच्याएवढा मोठा माणूस मुलुखात दुसरा आहे कोण?"

मग त्याने दुपटं उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि आजी सवयीने बोलून गेली, "बाळाचं तोंड पाहिलंत, आता रिकाम्या हाताने जाणार?" कारण बाळ पहिल्यांदा पाहिलं की त्याच्यासाठी काहीतरी द्यायचं, हा आमचा नेम. आम्ही त्याला कोरिमदिक म्हणतो. वैऱ्यालाही तो चुकत नाही.

दुइसेनने खिशात हात घातला, साखरेचा एक खडा काढला आणि पाळण्यात ठेवला. दुपटं नीट केलं. "वजनदार पोर आहे, सांभाळ," म्हणाला आणि गेला.

"त्याला कळलं होतं?" मी विचारलं.

"राळे दिसत होते की रे! तो काय आंधळा होता?" आपा डोळे पुसत म्हणाली. "आणि मग पुढे दोन महिने आई रोज विचारायची, आज किती दुइसेन शिजवू? एक मूठ की दीड?"

कुलपाश हसता हसता ओट्याला टेकली. मी हसलो, मग मला लाज वाटली, मग परत हसलो. आपा एकदम गंभीर झाली. "सिनेमा काढायचा तर हा काढ. पण मी हसत सांगितलंय, तू रडत दाखवलंस तर मी त्या भवनात पाऊल टाकणार नाही. त्या गावातली मी एकटी उरलेय, सागिंदिक. मी गेले की हे हसू पण गेलं." तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. बक्षीस गेलं चुलीत, आपा पहिल्या रांगेत बसली पाहिजे.

पात्रं निवडताना पहिलं घोडं पेंड खायला लागलं. उपाशी मरणारा पुण्यवान आजोबा व्हायला सात जण तयार. त्यातले दोन दाढी वाढवूनच आले. दुइसेन व्हायला एकही नाही. "गावात राहायचंय बाबा आम्हाला," म्हणे. "उद्या नातवाला कोणी म्हणायचं, तुझा आजा वसुलीवाला होता." शेवटी दुइसेनची कातडी टोपी मीच डोक्यावर घातली. आरशात पाहत होतो तर कुलपाश मागून म्हणाली, "काही करू नका तुम्ही. शाळेत निकाल वाचताना जसं तोंड करता तसं करा." मी अभिनयाचं एक पुस्तक वाचून काढलं होतं. त्याचा उपयोगच झाला नाही.

दुसरा खोळंबा पाळण्याचा. खरा जुना लाकडी पाळणा शेजारच्या तोक्तासिन-आगाकडे, म्हणजे तोक्तासिनदादाकडे, होता. हा आगा लग्नांचं चित्रण करतो, म्हणून आमचा छायाचित्रकारही तोच. माणूस चांगला, पण उंटावरचा शहाणा. त्याच्या बायकोने पाळणा दोन्ही हातांनी धरून ठेवला. "रिकाम्या पाळण्याला झोका देत नाहीत. घरातल्या पोराला बाधतं."

"वहिनी, रिकामा कुठे? राळे आहेत ना आत!"

"राळे म्हणजे काय पोर?"

यावर गल्लीत दीड दिवस सभा भरली. कोणी म्हणालं मुल्लाला विचारा, कोणी म्हणालं आत मांजर ठेवा. शेवटी आपा काठी टेकत आली. "रिकामा म्हणे! अगं, आमचं अख्खं घर होतं त्या पाळण्यात," एवढंच म्हणाली, आणि तोक्तासिनच्या बायकोने पाळणा मुकाट्याने माझ्या हातात दिला.

आता चित्रीकरणाचा दिवस. गावाबाहेर माळावर तंबू ठोकला. दुष्काळग्रस्त म्हणून बावीस माणसं सकाळी आठला बोलावली होती. गालांना कोळसा चोळायचा, फाटके कपडे घालायचे, आणि त्यांनी भुकेने व्याकूळ होऊन माळावर पडायचं. मी बजावलं होतं, कृपा करून कोणी नाश्ता करून येऊ नका.

त्यांनी नाश्ता केला नव्हता. हेच गल्लीतल्या बायकांना कळलं.

"बावीस माणसं उपाशी? माळावर? आपल्या गल्लीचे पाहुणे म्हणून?" आणि साडेआठला पहिली गाडी आली. बाउर्साकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात. मागून उकडलेलं मटण. मग घोड्याच्या मांसाची काझी, ती तर ठेवणीतली, लग्नासाठी राखलेली. मी आडवा आलो. "अहो, हा दुष्काळ आहे! महादुष्काळ!"

"म्हणूनच तर," एक म्हातारी मला बाजूला सारत म्हणाली, "खाऊन घेऊ देत बिचाऱ्यांना."

आमच्याकडे वाढलेल्याला नाही म्हणणं हा अपमान, आणि वाढणाऱ्याने पहिल्या वाढीवर थांबणं हाही अपमान. दोन्ही बाजू इतक्या सभ्य की जेवण अकरापर्यंत चाललं. अकरा वाजता माझे दुष्काळग्रस्त ढेकर देत माळावर आडवे झाले, आणि त्यांतले नऊ घोरायला लागले. कोळसा चरबीत मिसळून चेहरे अगदी चकाकत होते.

तोक्तासिन-आगा कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "वरून घेऊ का? वरून पोट कमी दिसतं."

वरून घेतलं. जास्त दिसलं.

आपाची धाकटी बहीण काम्का, तेव्हा चार वर्षांची, हिचं काम तोक्तासिनच्या नातीला दिलं होतं. गाल म्हणजे दोन भरलेल्या वाट्या. भुकेने मलूल होऊन पाळण्याकडे बघायचं, एवढंच तिचं काम. तिने दोन्ही गालांत बाउर्साक कोंबले होते आणि कोणाच्या बापाला ती ते काढू देईना. मी डोकं धरून खाली बसलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे माझा दुष्काळच मेजवानीत गेला होता.

आपा खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं. "घे असंच," ती म्हणाली.

"आपा, लोक शेण घालतील तोंडात."

"घे म्हणते ना!"

पाळण्याचा प्रसंग मात्र तिने स्वतः बसवून घेतला. मी दुइसेन म्हणून दुपटं उचललं आणि जरा हसलो, प्रेक्षकांना कळावं म्हणून. फाडकन काठी पोटरीवर बसली.

"हसायचं नाही! दारात बंदूकवाला उभा आहे. दुइसेन हसला असता तर तो पण गेला असता आमच्याबरोबर. त्याने तोंड दगडासारखं ठेवलं होतं. हात कापत होता, एवढंच."

मी पुन्हा उचललं. या वेळी तोंड दगडासारखं ठेवलं. आणि खरं सांगतो, राळ्यांवर साखर ठेवताना माझा हात कापला. तो अभिनय नव्हता.

सतरा मिनिटांचा चित्रपट घेऊन मी खात्यात गेलो. निवड समितीच्या प्रमुख झाउरे कासिमोव्ना. करडा सूट, करडे केस, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप खिशातून हात काढावेत. त्यांनी चित्रपट पाहिला. पापणी लवली नाही.

"सागिंदिक-आगा, हे लोक लठ्ठ आहेत."

"जरा आहेत."

"त्यातला एक घोरतोय. आणि हा पाळण्याचा प्रकार! स्मृतिदिनाला लोकांनी हसायचं? लाखो माणसं गेली आपली."

"घटना खरी आहे, बाई. माझ्या आईने डोळ्यांनी पाहिलीय."

"मग तसा दाखला आणा. घटना घडली होती आणि ती विनोदी होती, असा."

मी अभिलेखागारात गेलो. तिथल्या माणसाने दोन आठवडे घेतले आणि शिक्क्यासह उत्तर दिलं: सदर काळातील विनोदी घटनांची नोंद या कार्यालयात आढळत नाही. आता माझी प्रतिष्ठा बघा. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, रस्त्याने जाताना पोरं उठून उभी राहतात, तो हा कागद घेऊन भर दुपारी फिरतोय.

मी खचलो, कबूल करतो. तोक्तासिन-आगा म्हणाला, "माझ्यावर सोड." त्याने पाळण्याचा प्रसंग कापला. घोरणाऱ्यावर वाऱ्याचा आवाज टाकला. सगळं संथ केलं, सगळं करडं केलं, मागे एक बाई रडायला बसवली. सतरा मिनिटांची सव्वीस मिनिटं झाली. झाउरेबाईंनी तो लगेच मंजूर केला असता. मी घरी आपाला दाखवला.

तिने शेवटपर्यंत पाहिला. मग उठून आपल्या खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ही रडणारी बाई कोण? आमच्या घरात अशी कोणी नव्हती."

मी त्याच क्षणी ती करडी प्रत पुसून टाकली. तोक्तासिन-आगा आठवडाभर फुरंगटून बसला, तो भाग वेगळा. आपा म्हणाली, "चल. त्या पोरीकडे घेऊन चल मला."

'ती पोरगी' म्हणजे अठ्ठावन्न वर्षांच्या झाउरेबाई. आपाला पाहून त्या खुर्चीतून उठल्या, दार उघडलं, चहा मागवला. थोरांचा मान राखण्यात बाई चुकणाऱ्या नव्हत्या. पण चित्रपटाचं नाव काढताच चेहरा पुन्हा करडा.

"आपा, मला समजतं हो. पण लोक दुखावतील. हा दिवस हसण्याचा नाही."

"तुझ्या घरचे किती वाचले, पोरी?"

"नऊतले एक. आजोबा."

"काय सांगायचे ते?"

"काही नाही. कधीच काही नाही."

"मग ते काय गिळून बसले होते, रडू की हसू, हे तुला कसं कळलं?"

झाउरेबाईंनी आपाच्या वाटीत स्वतः चहा ओतला. शेवटी म्हणाल्या, "दाखवू. पण मी बटणाशी बसेन. हॉलमधला एक माणूस जरी रागाने उठला, तरी तिथेच बंद करीन."

एकतीस मे. हॉल गच्च. पहिल्या रांगेत आपा, ठेवणीतला पांढरा रुमाल बांधून. कडेला यंत्राशी झाउरेबाई, बोट बटणावर. मी भिंतीशी उभा, पळायला दार जवळ पडावं म्हणून.

माळ दिसला. लठ्ठ दुष्काळग्रस्त दिसले. मागून कुजबुज सुरू झाली. एवढ्यात मधल्या रांगेतला एक म्हातारा, छातीवर पदकं लावलेला, काठी आपटत उठला. सगळा हॉल त्याच्याकडे वळला. झाउरेबाईंचं बोट हललं.

"पुढचा, टोपी काढ!" म्हातारा ओरडला. "मला पाळणा दिसत नाहीये!"

पुढच्याने टोपी काढली, म्हातारा बसला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पडद्यावर मी दुपट्याला हात घातला. आजीचं काम करणारी बाई म्हणाली, "रिकाम्या हाताने जाणार?"

मग कुठूनतरी एका बाईचं हसू फुटलं, आणि मग अख्खा हॉल. असं हसणं मी लग्नातसुद्धा ऐकलं नाही. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती. "आज किती दुइसेन शिजवू?" आलं तेव्हा पदकवाला म्हातारा रुमालात तोंड घालून हुंदके देत होता, आणि ते हसणं की रडणं, कोण सांगणार? मी बटणाकडे पाहिलं. झाउरेबाईंचं बोट केव्हाच सुटलं होतं. दोन्ही हात तोंडावर, खांदे गदगदताहेत.

शेवटी काळ्या पडद्यावर दोन नावं आली. सेइलखान, सात वर्षं. काम्का, चार वर्षं. आपाचे भाऊ-बहीण. दुइसेनच्या साखरेने ती दोघं वाचली नव्हती. राळे संपले, वसंत उशिरा आला. पदकवाला म्हातारा उठून उभा राहिला.

आणि मग टाळ्या. छत खाली येईल असं वाटलं. लोक उभे राहिले, मला पुढे ओढलं, एका आजीबाईंनी 'हाच तो मेला दुइसेन' म्हणून माझ्या पाठीत पिशवी घातली आणि लगेच गालाचा मुका घेतला. मी सद्गदित झालो. तीस वर्षांत भूगोलाने एवढं दिलं नाही मला.

झाउरेबाई ध्वनिक्षेपकाशी गेल्या. डोळे लाल, पण बाई कर्तव्याला पक्क्या. "आपा, एक विचारते. समितीच्या वहीत माझा आक्षेप लिहिलेला आहे, त्याला उत्तर हवं. ही माणसं एवढी धष्टपुष्ट का?"

आपाला मी हात धरून उभं केलं. तिने तो सोडवून घेतला. "पोरी, तो तुकडा लाव. पाळण्याशी मुलगी आहे तो. आणि थांबव."

बाईंनी लावला. भिंतभर मोठी काम्का. फुगलेले गाल, ओठांना तेल, तोंडातून बाउर्साक डोकावतोय. कोणीतरी पुन्हा खुदकन हसलं.

"ही आमची काम्का," आपा म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ. "ऐंशी वर्षं झाली, डोळे मिटले की मला तिचं तोंड दिसतं. वाळलेलं. म्हातारीसारखं. दुसरं कुठलं मला आठवतच नाही. म्हणून मी पोराला म्हटलं, घे असंच. आता बघा तिला. तोंड भरलंय तिचं. इथून पुढे मी डोळे मिटले की ही दिसेल."

झाउरेबाईंनी वही उघडली, काहीतरी खोडलं, आणि वही मिटली. आपा पडद्याकडे बघत उभीच होती. मग ती त्या पडद्यावरच्या पोरीला, घरात जेवताना मला म्हणते तशी, हळूच म्हणाली, "सावकाश खा गं, कोणी घेत नाही तुझं."